दुपारचा डबा



सकाळच्या सहाच्या मिस्सेला येणाऱ्यांपैकी दहा-पंधरा जण शेवटचे गीत संपायच्या आतच दाराकडे सरकतात. आम्ही त्यांना कधी बोल लावत नाही. त्यांना वसई रोडची गाडी गाठायची असते. त्यांच्या पिशव्या बाकाखाली ठेवलेल्या असतात आणि प्रत्येक पिशवीत एक डबा असतो. पावसाळ्यात एके दिवशी गाड्या उशिरा धावत होत्या, मंडळी पोर्चमध्ये थांबली होती, तेव्हा आम्ही त्यांना म्हटले, ‘जरा डबे उघडून दाखवा बघू.’ आधी सगळे हसले, मग थोडे लाजले, पण सात जणांनी डबे उघडले.

सात डब्यांपैकी सहांत खालचा मोठा कप्पा भाताने दाबून भरलेला होता. मधल्या कप्प्यात कालवण किंवा डाळ. वरच्या छोट्या कप्प्यात भाजी, तीही बहुतेकांकडे बटाट्याची. दोघांकडे भाताच्या जोडीला तांदळाच्या भाकऱ्या होत्या. म्हणजे भाताबरोबर भातच. सातवा डबा एका निवृत्तीला आलेल्या गृहस्थांचा होता. त्यात दोन चपात्या, भरपूर दुधीची भाजी, मटकीची उसळ आणि काकडी. ‘फादर, हा डबा मी आवडीने खात नाही हो,’ ते म्हणाले, ‘दोन वर्षांपूर्वी पायाचे बोट कापावे लागले, तेव्हापासून खातो.’ त्यांच्या परवानगीने आम्ही हे लिहीत आहोत.

आता आमच्याविषयी. याच वर्षी आम्ही रक्त तपासून घेतले. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी जी चाचणी असते, तिचा आकडा ६.३ आला. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह, आणि मधली जागा म्हणजे उंबरठा. आम्ही उंबरठ्यावर उभे आहोत. डॉक्टरांनी विचारले, दुपारी काय खाता? आम्ही म्हणालो, जे मिळेल ते. ‘आणि किती?’ याचे उत्तर मात्र आम्हांला देता आले नाही. धर्मगुरूच्या ताटात भात कोणी मोजून वाढत नाही. घरभेटीला गेलो की ‘फादर, एवढं तरी घ्या’, बाप्तिस्म्याला गेलो की ‘फादर, आमच्या हातचं खाल्लंच नाही’. प्रेमाने वाढलेले नाकारणे आम्हांला जमत नाही, हे खरे. पण आम्हांला ते आवडतेही, हे त्याहून खरे.

हे एकट्या आमचे दुखणे असते तर पत्रकाची जागा अडवली नसती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक आमच्यासारखे उंबरठ्यावर आहेत. आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला घरोघर जाताना हे आकडे आम्हांला चेहऱ्यांसह दिसतात. उशाशी इन्सुलिन, पायाला पट्टी, डोळ्यांना दिसेनासे झालेले. यांतले बरेच जण साठीच्याही अलीकडचे आहेत.

मग भात वाईट का? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आपले आजे-पणजे भातच खात होते. पण ते वाडीत पाणी लावत होते, केळीचे घड डोक्यावरून वाहत होते, होड्या ओढत होते. त्यांचा तांदूळ बराचसा घरी सडलेला, म्हणजे कोंड्याचा काही अंश राहिलेला असे. आज आपण त्यांच्याइतकाच भात खातो आणि दिवसभर खुर्चीवर बसतो. गाडीत उभे राहून घाम गाळतो तो व्यायाम नव्हे, ती नुसती शिक्षा आहे.

पांढऱ्याशुभ्र तांदळाची एक जुनी गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी क्रिस्तियान आइकमन नावाचे डच डॉक्टर जावा बेटावर, आजच्या जकार्ता शहरात, बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. या रोगात पायातली शक्ती जाते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक लंगडू लागल्या आणि काही काळाने आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केली तेव्हा कळले की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. पुढे स्वयंपाकी बदलला. नव्या स्वयंपाक्याने इस्पितळाचा चांगला तांदूळ कोंबड्यांना द्यायला नकार दिला, त्यांना साधा बिनसडीचा तांदूळ मिळू लागला आणि कोंबड्या चालू लागल्या. कोंड्यात शरीराला लागणारे काहीतरी आहे हे त्यातून पुढे उलगडले. आज त्याला आपण ‘ब’ जीवनसत्त्व म्हणतो. आइकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्या चिकट्या स्वयंपाक्याचे नाव मात्र कोणाला ठाऊक नाही.

आपण कोंबड्यांपेक्षा सुदैवी आहोत, कारण भाताबरोबर डाळ, मासळी, भाजी खातो. पण त्या ‘बरोबर’च्या गोष्टींचा वाटा किती, हाच प्रश्न आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतले ताट डोळ्यांपुढे आणा. अर्धे ताट भाज्या आणि फळे. उरलेल्या अर्ध्यात धान्य, डाळी-कडधान्ये, अंडी-मासळी, दूध-दही. दिवसभरातली भाजी-फळे मिळून सुमारे ५०० ग्रॅम. धान्यापासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांहून अधिक नसावी. आणि आपले डबे? भात तीन हिस्से, बाकी सारे एका हिश्शात.

म्हणून आम्ही एकच गोष्ट सुचवतो. नवा डबा घेऊ नका, परदेशी धान्य शोधू नका, टीव्हीवरचे चूर्ण मागवू नका. फक्त कप्पे बदला. मोठ्या कप्प्यात भाजी, छोट्या कप्प्यात भात. मधल्या कप्प्यात डाळ, उसळ, अंडे किंवा मासळी जसे आहे तसे राहू द्या. आम्ही धर्मगुरुनिवासात गेले तीन महिने ताटात हेच करत आहोत. पहिला आठवडा वाईट गेला. चार वाजता पोटात कावळे ओरडू लागत आणि आम्ही बिस्किटांच्या डब्याभोवती घुटमळत असू. मग लक्षात आले की भात कमी केला तेव्हा उसळ वाढवायची राहून गेली होती. मूठभर भिजवलेले मूग किंवा चवळी वाढवली, जोडीला एक उकडलेले अंडे घेतले आणि ते ओरडणे थांबले. कडधान्यांतली प्रथिने आणि चोथा पोटात जास्त वेळ टिकतात, भात लवकर विरघळून जातो.

भाजी कोणती, हे वसईत विचारायचे कारण नाही. दुधी, शिराळे, पडवळ, भेंडी, गवार, वांगी, अळू, शेवग्याचा पाला, थंडीत वालपापडी. आपल्या आया-आज्यांनी टोपल्या घेऊन मुंबईच्या बाजारांत ‘वसईची भाजी’ विकली, त्या पैशांवर आपण शिकलो. आता त्यांचीच नातवंडे मुंबईला जाऊन दुपारी वडापाव खातात. बटाटा ही भाजी आहे अशी एक समजूत आहे. ताटाच्या हिशेबात तो धान्याच्या बाजूलाच बसतो. वडापाव म्हणजे पिठात गुंडाळून तळलेला बटाटा, तोही मैद्याच्या पावात. कधीमधी खाल्ला तर आमची हरकत नाही. आम्हीही खातो.

मासळीच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. बांगडा, तारली यांसारखी तेलकट मासळी हृदयाला चांगली, आणि ती पापलेटाच्या मानाने कितीतरी स्वस्त. कालवण किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजलेली असेल तर उत्तम, रव्यात घोळवून तळलेली रोज नको. सुक्या मासळीत थोडा भेद करायला हवा. आपल्या किनाऱ्यावर दोऱ्या-बांबूंवर उन्हात वाळवलेले बोंबील आणि जवळा साधारणपणे बिनमिठाचे असतात. खारा बांगडा मात्र मिठातच मुरलेला असतो. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, एवढेच मीठ पुरे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खारा बांगडा, लोणचे आणि पापड एकाच डब्यात आले तर ती मर्यादा दुपारीच ओलांडली जाईल. रक्तदाब असलेल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. जाता जाता शुक्रवारविषयी. मांस वर्ज्य म्हणून पापलेटाचे तीन तुकडे तळून खाणे नियमात बसते. प्रायश्चित्तात कितपत बसते ते ज्याचे त्याने ठरवावे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा नीतिशास्त्रावरचा ग्रंथ आम्हांला होता. सद्‌गुण म्हणजे अति आणि अल्प यांच्यामधला मार्ग, हे आम्ही परीक्षेपुरते पाठ केले. पुढे पुन्हा वाचताना दिसले की हा मुद्दा समजावताना त्याने उदाहरण घेतले आहे ते जेवणाचे. मायलो नावाच्या प्रसिद्ध मल्लाला जेवढे अन्न थोडे पडेल, तेवढेच व्यायामाला नुकती सुरुवात करणाऱ्याला जास्त होईल. म्हणजे मध्य हा गणिताचा नाही, माणसागणिक वेगळा आहे. आपल्या धर्मग्रामात हे शब्दशः खरे आहे. समुद्रावर जाणाऱ्या कोळी बांधवाला आणि गोदामात हमाली करणाऱ्या तरुणाला वर सांगितलेला छोट्या कप्प्यातला भात पुरणार नाही, आणि त्यांनी तो तेवढाच खावा असे आम्ही म्हणतही नाही. बँकेत बसणाऱ्याने मात्र त्यांच्या ताटाकडे बोट दाखवू नये.

त्याच ग्रंथात दुसरे एक निरीक्षण आहे. हलके मांस पचायला चांगले, एवढेच ज्याला माहीत आहे पण कोणते मांस हलके ते माहीत नाही, तो कोणाला बरे करू शकणार नाही. कोंबडीचे मांस चांगले, एवढे साधे ज्ञान ज्याला आहे तो अधिक उपयोगी. आम्हांला हे फार पटते. ‘सकस आहार घ्या’ हे आपण शाळेपासून ऐकतो. बुधवारी रात्री आठ वाजता घरात दुधी आहे की नाही, हे ज्याला माहीत आहे तोच गुरुवारचा डबा सुधारू शकतो. दुपारी एक वाजता भुकेल्या माणसाने मनोनिग्रह दाखवावा अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. डब्याचा निर्णय आदल्या रात्री, कडधान्य भिजत घालताना झालेला असतो.

आणि तो निर्णय कोण घेते? इथे पुरुषवर्गाची थोडी गैरसोय करणार आहोत. पहाटे साडेचारला उठून डबा करते ती घरातली बाई. तिला आम्ही आणखी एक भाजी चिरायला सांगत आहोत हे आम्हांला कळते. म्हणून भाजी निवडणे आणि चिरणे हे काम रात्री टीव्हीसमोर बसून घरातल्या सर्वांनी करावे. शेंगा मोडायला पदवी लागत नाही. महिला मंडळाच्या बैठकीत एका भगिनीने आम्हांला विचारले, ‘फादर, डबा नेणाऱ्यांचं झालं. डबा भरणारी दुपारी काय खाते, ते कधी विचारलंत?’ नव्हते विचारले. मग विचारले. बहुतेकींचे जेवण दुपारी अडीच-तीनला होते. रात्रीचा उरलेला भात, कालवणाचा रस, मासळी संपलेली, भाजी डब्यात गेलेली. वर लगेच चहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. जेवणाला लागूनच चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी लागत नाही, तासभर थांबावे. पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळले तर लोह चांगले शोषले जाते. पण या सूचनांच्या आधी एक गोष्ट करायला हवी. सकाळी डबे भरताना एक डबा तिचाही भरा. तोच पदार्थ, तोच वाटा, झाकण लावून बाजूला. काही घरांनी हे सुरू केले आहे आणि तिथल्या सासवांनाही ते पटले आहे, असे ऐकतो.

पहाटे केलेला डबा एक वाजता उघडेपर्यंत सात-आठ तास जातात. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये असे तज्ज्ञ सांगतात. विरारच्या गाडीत ते कोणालाच पाळता येणार नाही, तेव्हा निदान काय नेऊ नये ते पाहू. उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात ओल्या खोबऱ्याचे वाटण घातलेले कालवण आणि कोलंबी टाळावी. आदल्या रात्रीचा, बाहेर राहिलेला भात डब्यात घालू नये. तांदळातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत, वाढतात, आणि पुन्हा गरम करूनही त्यांचे विष जात नाही. सुकी भाजी, चपाती, चिंच-कोकम घातलेले पदार्थ त्यामानाने बरे टिकतात. गरम अन्नावर लगेच झाकण घट्ट लावू नये, आत पाणी सुटते आणि अन्न आंबते. कामाच्या ठिकाणी फ्रीज असेल तर पोहोचताच डबा त्यात ठेवावा, तिथे लाज कसली?

चहाचे गणित प्रत्येकाने स्वतः करावे. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे, म्हणजे आठ चमचे साखर, तीस ते चाळीस ग्रॅम. पोषण संस्थेची मर्यादा २० ते २५ ग्रॅमची आहे. आम्ही दीड चमच्यावरून अर्ध्यावर आलो आहोत, खाली अजून उतरलेलो नाही.

मुलांच्या डब्याविषयी धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारले तेव्हा निम्म्या मुलांनी नूडल्स सांगितले. आयांना दोष देण्यात अर्थ नाही, भाजी परत येते ही त्यांची तक्रार खरी आहे. एका मुलीच्या आईने मेथी, दुधी किसून पिठात मळून थालीपीठ देणे सुरू केले, तो डबा रिकामा येतो. नाचणीची भाकरी मुले खात नाहीत, पण नाचणीचे घावन खातात. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि वाढत्या हाडांना ते हवेच. वाडीतली केळी आहेतच, ती खाऊ म्हणून पुरेत. योहानच्या सहाव्या अध्यायात ज्या मुलाजवळ पाच भाकरी आणि दोन मासे होते, त्या भाकरी जवाच्या होत्या. जव हे त्या काळी गरिबांचे धान्य. आपल्याकडे नाचणी तशी होती. आता ती दुकानात गव्हापेक्षा महाग मिळते, हा काळाचा विनोद.

एक सावधगिरीची सूचना मात्र ठळकपणे देतो. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी हा लेख वाचून उद्यापासून भात एकदम कमी करू नये. औषध तेवढेच आणि भात कमी झाला तर साखर अचानक खाली जाऊन चक्कर येऊ शकते, गाडीच्या दारात उभे असताना ते जिवावर बेतेल. आधी डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डाळ-उसळ वाढवण्याआधीही विचारावे.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहात महिला मंडळाच्या भगिनी तीन-चार प्रकारचे डबे भरून दाखवणार आहेत. धर्मग्रामातल्या एक परिचारिका भगिनी रक्तदाब तपासतील. येताना रोजचा डबा रिकामा घेऊन या, कोणत्या कप्प्यात काय बसते ते तिथेच मोजून पाहू. पुरुषांनी विशेष करून यावे. सुऱ्या आणि शेंगा आम्ही ठेवणार आहोत.